दोन ओटे

लोक विचारतात, ही आधीची की नंतरची?
नंतरची, मी सांगतो.
पडलो तेव्हा मी कुणाचाच नव्हतो,
फक्त बत्तीस माडांचा पाडेली,
आणि त्या सकाळचा सतरावा माड
दवाने ओला होता.

बांबोळीच्या वॉर्डात चौदा आठवडे
पंख्याची तीन पाती मोजली.
डॉक्टर म्हणाले, बारावा मणका.
मी विचारलं, वरून मोजता की खालून?
ते हसले नाहीत.

चोडणला परत आलो तो फेरीतून.
उभ्या गोव्यात खुर्चीला उतार असलेली
ती एकच जागा मला तेव्हा ठाऊक होती.
फेरीचं फळकूट धक्क्याला टेकलं,
मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, मी,
एकाच रांगेत उतरलो.
घराला मात्र पाच पायऱ्या.
बोस्त्यांव सुताराने त्याच्या मेलेल्या आईच्या खोलीचं दार काढून
त्या पायऱ्यांवर निजवलं.
तिला आता कुठे आडोसा हवाय, म्हणाला,
आणि खिळे तोंडात धरून
बराच वेळ काही बोलला नाही.

मिक्सर दुरुस्त करायला शिकलो.
प्रणिता आली ती जळलेल्या वाइंडिंगचा वास घेऊन,
मग भांडं गळतंय म्हणून.
तिसऱ्यांदा आणलेला मिक्सर चांगला होता.
मी तो उगाच उघडला, उगाच जोडला,
पैसे घेतले नाहीत.
तिच्या भावाने विचारलं, आणि मूल?
माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
ते आम्ही दोघं बघू. तू चहा घे.

बघता बघता सहा वर्षं गेली.
मडगावच्या दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये
खुर्ची मावायची, खुर्ची आणि ती मावायची नाही.
मी लिफ्टने, ती जिन्याने,
तिसऱ्या मजल्यावर भेटायचो,
नुकतीच ओळख झाल्यासारखे.

बाकी दिवस साधे.
चार तासांनी नळी.
अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं,
नाहीतर कातडी सडते.
रात्री पाय त्यांच्या मनाने थडथड उडतात,
ती झोपेतच त्यांच्यावर हात ठेवते,
दचकून भुंकणाऱ्या कुत्र्यावर ठेवावा तसा.
एकदा फेरीच्या तापलेल्या पत्र्यावर टाच भाजली.
मला कळलं संध्याकाळी,
मोजा काढताना, तिच्या चेहऱ्यावरून.

माझा हात पोचावा म्हणून ओटा तोडून खाली घेतला.
वर्षभरात तिची कंबर धरली.
भांडलो. इतकं, की पोदेर सायकल धरून दाराशी उभाच राहिला.
घर तुझ्या उंचीचं करायचं की माझ्या?
मी नको ते बोललो.
तीन दिवस तिने सोलं न घातलेलं हुमण वाढलं,
मी मुकाट जेवलो.
मग गवंडी पुन्हा आला.
आता दोन ओटे, वरचा तिचा, खालचा माझा,
मधे वीतभर फट राहिली आहे.
तिथे मीठ सांडतं, चमचे हरवतात,
कधी कधी एखादा सापडतो
जो आमचा नसतोच.

दर तीन महिन्यांनी नवा पाडेली येतो.
पोरगा चपळ आहे, पण सतराव्यावर घाई करतो.
मी खालून शिव्या घालतो.
प्रणिता म्हणते, त्याला चढू दे.
मी मान खाली घालून नारळांचे आवाज मोजतो,
धप्, धप्, आणि मधली शांतता.

रेवती साडेतीन वर्षांची.
तिला वाटतं खालचा ओटा तिच्यासाठीच बांधलाय,
आणि मी तिथे पाहुणा.
परवा झाडूतला हीर उपसून
माझ्या अंगठ्याला टोचत म्हणाली,
बाबा, दुखता?
मी मणक्याचं सांगणार होतो.
हो, म्हटलं.
तिने फुंकर घातली. नीट, गाल फुगवून.
मग हीर गुडघ्यावर आणला.
आतां?
थोडं, म्हणालो.